ज्या गाड्या विकायच्याच नव्हत्या: अमेरिकेतल्या स्वप्नगाड्या

चाकोरीबाहेर (धागाकर्ता)

१९३८ साली जनरल मोटर्सच्या ब्यूइक शाखेने एक काळी, लांबलचक, दोन माणसांची उघडी गाडी बनवली. नाव वाय-जॉब. अशी एकच गाडी झाली आणि ती विकायची नव्हतीच. हेडलाइट नको असतील तेव्हा झाकणाआड जायचे. काचा विजेवर वरखाली व्हायच्या. टप दुमडला की पत्र्याच्या झाकणाखाली पूर्ण दडायचा. दाराखाली पाय ठेवायला जी फळी त्या काळच्या गाड्यांना असायची, तीही काढून टाकली होती. चाकं मुद्दाम १३ इंचांची ठेवली, म्हणजे गाडी जमिनीलगत बसल्यासारखी दिसावी. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी की जनरल मोटर्सच्या रचना विभागाचा प्रमुख हार्ली अर्ल ही गाडी स्वतः चालवत फिरायचा, आणि तेही वर्षानुवर्षं. सिग्नलला शेजारच्या गाडीतला माणूस मान वळवून काय बघतो, कुठे बघतो, हे त्याला समोर दिसत असणार.

अमेरिकेतल्या प्रायोगिक गाड्यांबद्दल वाचायला लागून मला आता पंधरा-सोळा वर्षं झाली. या गाड्यांकडे आपण 'तेव्हाच्या लोकांच्या भाबड्या कल्पना' म्हणून बघतो. मला ते पटत नाही. माझ्या मते प्रत्येक चांगली स्वप्नगाडी म्हणजे लोकांना विचारलेला एक प्रश्न होता, आणि तो कागदावर न विचारता पत्रा, काच आणि इंजिन वापरून विचारलेला होता.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. अर्लचा जन्म १८९३चा, लॉस एंजेलिसचा. वडील घोडागाड्या बनवायचे, पुढे मोटारींच्या बॉड्या बनवू लागले. हॉलिवूडच्या नटांसाठी खास गाड्या बांधता बांधता हा मुलगा तयार झाला. १९२७ची लासाल गाडी त्याने आखली आणि त्याच वर्षी जनरल मोटर्सचा अध्यक्ष आल्फ्रेड स्लोनने त्याच्यासाठी 'आर्ट अँड कलर' नावाचा विभाग काढला. तोवर मोठ्या कारखान्यांत गाडीचं रूप बहुतेक इंजिनिअरच ठरवायचे. रूप हे वेगळं काम आहे आणि त्यासाठी वेगळी माणसं लागतात, हे तिथून रुजलं.

वाय-जॉबनंतर १९५१ची ल सेबर आली. नाव सेबर या लढाऊ जेट विमानावरून, बॉडी अॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियमची. इंजिनाला पेट्रोल आणि मिथेनॉल अशी दोन इंधनं लागायची. सीटजवळ पावसाचा थेंब ओळखणारी पट्टी होती. गाडी उघडी उभी असताना पाऊस आला की टप आणि काचा आपोआप बंद व्हायच्या. अर्ल हीसुद्धा चालवत हिंडायचा.

मग जनरल मोटर्सचं मोटोरामा. न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अॅस्टोरिया हॉटेलात, नंतर इतर शहरांत भरणारी ही प्रदर्शनं १९६१पर्यंत सुरू होती आणि एकूण एक कोटीवर लोकांनी ती पाहिली. १९५३च्या जानेवारीत तिथे फायबरग्लासच्या बॉडीची एक पांढरी दोन सीटची गाडी ठेवली होती. लोक तिच्यावर इतके तुटून पडले की जूनअखेरीस तिचं उत्पादन सुरू झालं. पहिल्या वर्षी ३०० गाड्या झाल्या, सगळ्या पांढऱ्या. तीच कॉर्व्हेट.

आणि जनरल मोटर्सच्याच तीन फायरबर्ड. पहिली म्हणजे जवळजवळ चाकं लावलेलं एकसीटी जेट विमान. इंजिन गॅस टर्बाइन, म्हणजे जेट विमानात असतं तसं, ३७० अश्वशक्ती, मागून बाहेर पडणारा झोत पावणेसातशे अंश सेल्सिअसचा. चाचणीत इंजिनिअर एमेट कॉंकलिनने ती ताशी १०० मैलांवर नेली, तेव्हा टायरची पकड सुटली आणि त्याने तिथेच थांबायचं ठरवलं. १९५६च्या दुसऱ्या फायरबर्डची बॉडी टायटॅनियमची. ती रस्त्यात पुरलेल्या तारेच्या आधाराने स्वतः चालेल अशी कल्पना होती. तिसरी १९५८ची. तिच्याबद्दल नंतर लिहितो, ती माझी सर्वांत लाडकी.

तुम्हाला माहीत असलेल्या अशा गाड्यांबद्दल जरूर लिहा.

क्लेवाला_पुणे

धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. मी गेली अकरा वर्षं क्ले मॉडेलिंग करतो, म्हणजे गाड्यांचे मातीचे नमुने घडवतो, म्हणून अर्लच्या एका गोष्टीबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. त्याआधी बॉडीचे नमुने मुख्यतः लाकडाचे आणि ठोकलेल्या पत्र्याचे असत. लाकडात एक वळण बदलायचं तर आठवडा जातो. अर्लने पूर्ण आकाराचे नमुने मातीत करायची पद्धत डेट्रॉइटमध्ये रुजवली.

ही माती कुंभाराची नव्हे. तिच्यात मेण आणि तेल असतं. आम्ही ती ओव्हनमध्ये साधारण ५५-६० अंशांवर गरम करतो, फोमच्या सांगाड्यावर हाताने थापतो आणि गार झाल्यावर रेकने, म्हणजे दातेरी पात्याने, तासतो. रेषा बघायला काळी टेप ओढतो. शेवटी डाय-नॉक नावाची ताणली जाणारी प्लॅस्टिकची फिल्म चढवतो, की लांबून रंगवलेला पत्राच वाटतो. आता सगळं स्क्रीनवर होतं असं लोकांना वाटतं. पण बोनेटवरून उजेड कसा घरंगळतो ते अजूनही मातीवर हात फिरवूनच कळतं. एक मिलिमीटर जास्त झाला तर तो डोळ्याआधी तळव्याला समजतो.

वाय-जॉबचे मडगार्ड दारापर्यंत वाहत येतात ना, ते वळण लाकूड तासणाऱ्याला सुचलंच नसतं असं मला वाटतं. हत्यार बदललं की हाताला वेगळं सुचतं.

सुधा_ठाणे

लेख छान आहे, पण दुसरी बाजूही यायला हवी. स्लोन आणि अर्ल यांनी दरवर्षी रूप बदलण्याची जी पद्धत बसवली, तिचा हेतू उघड होता: कालची चांगली चालणारी गाडी आज जुनी वाटली पाहिजे. मोटोरामा हा त्याचाच मोठा देखावा होता. शेपटीवरचे पंख घ्या. लॉकहीडच्या पी-३८ विमानावरून ते १९४८च्या कॅडिलॅकवर आले, १९५९पर्यंत उंचच उंच होत गेले, आणि रस्त्यावरच्या माणसाला त्यांचा उपयोग काय झाला? त्याच गाड्यांत सीटबेल्ट नव्हते आणि डॅशबोर्डला धारदार धातू होता. अमेरिकेत वाहनसुरक्षेचा राष्ट्रीय कायदा यायला १९६६ उजाडलं. एवढा पैसा, एवढी बुद्धी होती, तर हा प्रश्न कोणी का विचारला नाही? तुम्ही गाडीला 'प्रश्न' म्हणता म्हणून विचारते.

चाकोरीबाहेर

सुधाताई, आक्षेप रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. विक्री हा हेतू होताच. पण हा प्रश्न विचारला गेला होता. फक्त तो गाड्यांच्या कंपनीने विचारला नाही, विमा कंपनीने विचारला. १९५७ साली कॉर्नेल एरोनॉटिकल लॅबोरेटरी आणि लिबर्टी म्युच्युअल या विमा कंपनीने मिळून एक सुरक्षागाडी बनवली. स्टिअरिंगचं चाक चालकाच्या छातीत घुसतं, म्हणून चाकच काढून त्याजागी हाताळायचे दांडे दिले. चालक मधोमध बसायचा. प्रत्येक सीट माणसाला धरून ठेवेल अशी घडवलेली, दारं घडीची, भोवती धडक सोसणारे बंपर. दिसायला ती मुळीच मोहक नव्हती. आज ती डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड म्युझियमच्या संग्रहात आहे.

माझ्या मते तीही स्वप्नगाडीच.

सुधा_ठाणे

हे माहीत नव्हतं, धन्यवाद. पण यातून माझं म्हणणं उलट पक्कं होतं. वॉल्डॉर्फच्या झगमगाटात ती गाडी ठेवली असती तर? एक कोटी लोकांना काय दाखवायचं हे कोणीतरी निवडत होतं.

मिशिगनकर

मी इथे डेट्रॉइटजवळ ट्रॉयला एकोणीस वर्षं राहतो आणि याच उद्योगात काम करतो. टर्बाइनचा विषय निघालाच आहे, तर क्रायस्लरचा प्रयोग मला जनरल मोटर्सच्या तिन्ही फायरबर्डपेक्षा मोठा वाटतो. कारण क्रायस्लरने ती गाडी लोकांच्या घरी पाठवली.

१९६३-६४मध्ये तांबूस-ब्रॉंझ रंगाच्या ५० गाड्या बनल्या, आधीचे पाच नमुने वेगळे. बॉड्या इटलीत तुरिनच्या गिया कारखान्यात हाताने बनून येत, आणि इंजिन डेट्रॉइटला बसवलं जाई. मग देशभरातल्या २०३ कुटुंबांना ती प्रत्येकी तीन महिने वापरायला दिली. भाडं नाही, इंधन तेवढं आपलं. शाळा, बाजार, चर्च, सगळीकडे लोक ती नेत. इंजिन मिनिटाला ४४ हजारांहून जास्त फेरे घ्यायचं, गाडी उभी असतानाही वीस हजारांच्या आसपास. आवाज घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरसारखा. डिझेल चाले, रॉकेल चाले, जेटचं इंधन चाले. मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्षांसमोर ती टकीलावर चालवून दाखवली होती. गंमत बघा, न चालणारं इंधन म्हणजे पंपावर मिळणारं साधं शिसंयुक्त पेट्रोलच, कारण शिशाचा थर आत बसायचा.

लोकांनी काय सांगितलं? कंप नाही, तेल बदलायची कटकट नाही, थंडीत लगेच गरम हवा मिळते. पण पाय दाबल्यावर गाडी क्षणभर विचार करते आणि मग निघते. सिग्नलला उभी असताना इंधन भरपूर खाते. उंच डोंगराळ गावांत सुरू व्हायला त्रास देते. अशी खरी उत्तरं प्रदर्शनातल्या फिरत्या चौथऱ्यावर कधीच मिळत नाहीत. एकूण दहा लाख मैलांहून जास्त अंतर या गाड्या चालल्या.

शेवट वाईट झाला. ५५पैकी ४६ गाड्या मोडून टाकल्या, नऊ उरल्या. इटलीहून आलेल्या बॉड्यांवरचा आयातकर हे एक कारण सांगितलं जातं. मी एकदा चालू टर्बाइन कार जवळून ऐकली आहे. बंद केल्यावर आवाज एकदम थांबत नाही, खाली खाली उतरत जातो, आणि आजूबाजूची सगळी माणसं तो संपेपर्यंत गप्प उभी राहतात.

पावसाळी_ढग

वाचतोय. अजून येऊ द्या.

कुर्ला_पश्चिम

मी ७४ वर्षांचा. माझे वडील कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बॉडी शॉपला होते. वालचंद हिराचंदांनी क्रायस्लरशी करार केला आणि १९४७पासून तिथे डॉज, प्लिमथ, डिसोटो जुळवल्या जाऊ लागल्या. त्याच्या कितीतरी आधी, १९२८ साली, जनरल मोटर्सने मुंबईतच शिवडीला गाड्या जुळवायचा कारखाना काढला होता, तो १९५४ला बंद झाला. म्हणजे डेट्रॉइटच्या टेबलावर जी रेघ ओढली जाई ती दोन-तीन वर्षांनी आमच्या कुर्ल्याच्या शेडमध्ये पोचायची.

वरती पंखांबद्दल वाचलं. आमच्या काळ्या-पिवळ्या फियाटच्या, म्हणजे पद्मिनीच्या, मागच्या दिव्यांवर छोटीशी उभी धार होती, आठवते का? अमेरिकेतून ती लाट इटलीला गेली आणि इटलीहून कुर्ल्याला आली. मूळ कॅडिलॅकच्या मानाने अगदी बोटभर. पण वडील टॅक्सी थांबवली की त्या धारेवरून हात फिरवायचे. क्लेवाला_पुणे यांनी तळव्याचं लिहिलं ते वाचून डोळ्यांत पाणी आलं.

सागरगोटा

गियाचा उल्लेख आला म्हणून क्रायस्लरच्या नॉर्समनची आठवण करून देतो. क्रायस्लरचा रचनाप्रमुख व्हर्जिल एक्सनर याच्या चमूने ती आखली होती. पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंना जे खांब असतात तेच नव्हते. छत मागच्या आधारावरून पुढे झेपावलेलं, छज्जासारखं. गियात पंधरा महिने काम चाललं. तयार गाडी खोक्यात बंद करून 'आंद्रेआ डोरिया' जहाजावर चढवली. २५ जुलै १९५६च्या रात्री धुक्यात नॅन्टकेटजवळ या जहाजाला 'स्टॉकहोम' जहाज धडकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते बुडालं. पन्नासच्या आसपास माणसं गेली, त्यापुढे गाडीचं काय. तरीही पंधरा महिने ती घडवणाऱ्या कारागिरांचा विचार मनातून जात नाही. अमेरिकेतल्या एकाही प्रेक्षकाने ती पाहिली नाही.

याच गियात फोर्डच्या लिंकन शाखेची फ्युचुराही बनली, १९५५ची. खर्च सुमारे अडीच लाख डॉलर. डोक्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचे दोन घुमट, रंगात मोत्यासारखी झाक यावी म्हणून माशांच्या खवल्यांचा अर्क. दहा वर्षांनी गाड्यांचं रूप पालटून देणाऱ्या जॉर्ज बॅरिसने ती फोर्डकडून एका डॉलरला घेतली आणि तीन आठवड्यांत काळी रंगवून टीव्हीवरच्या बॅटमॅनची गाडी केली. २०१३च्या लिलावात ती सुमारे ४६ लाख डॉलरला गेली.

अश्विनी_ज

सगळा धागा वाचला. एक राहिलंय. अर्लच्या स्टुडिओत १९५०च्या दशकात स्त्री डिझायनरांचा गट होता. प्रसिद्धी खात्याने त्यांना 'डॅमसेल्स ऑफ डिझाइन' असं नाव दिलं, जे त्यांना स्वतःला आवडत नव्हतं. त्यांच्याही आधी, १९४३ साली, हेलेन रोथर जनरल मोटर्समध्ये गाड्यांच्या आतल्या सजावटीसाठी रुजू झाली होती. १९५८मध्ये या गटाने सजवलेल्या गाड्यांचं वेगळं प्रदर्शन झालं. रूथ ग्लेनीच्या कॉर्व्हेटला चार ऋतूंसाठी सीटकव्हरचे चार संच होते, म्हणून वर्तमानपत्रांनी तेवढंच छापलं. त्याच गाडीत आपोआप गुंडाळले जाणारे सीटबेल्ट होते.

सुधाताई, तुमचा प्रश्न अर्लच्या खोलीतच विचारला जात होता. विचारणाऱ्यांचं ऐकलं गेलं नाही. पुढे अर्ल निवृत्त झाला आणि गट हळूहळू विरला.

सुधा_ठाणे

अश्विनी, हे फार महत्त्वाचं लिहिलंस. सीटकव्हरची बातमी होते आणि पट्ट्याची होत नाही, हेच मला सांगायचं होतं. माझा राग गाड्यांवर नाही, निवडणाऱ्यांवर आहे. आणि मान्य करते, गाड्या बनल्या नसत्या तर आज आपल्याला हे दाखवताही आलं नसतं.

विद्युतवाहक

१९५०च्या पुढे या. १९८७ साली ऑस्ट्रेलियात डार्विनहून अॅडलेडपर्यंत सौरगाड्यांची पहिली शर्यत झाली, अंतर सुमारे ३ हजार किमी. जनरल मोटर्सची सनरेसर ताशी सरासरी ६७ किमीच्या आसपास वेगाने पहिली आली. पॉल मॅक्रेडीची एरोव्हायरनमेंट कंपनी तिच्यामागे होती. त्याच लोकांनी १९९०च्या लॉस एंजेलिस प्रदर्शनात इम्पॅक्ट नावाची विजेची गाडी आणली. हवेच्या अडथळ्याचा गुणांक ०.१९. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने नियम केला की १९९८पासून मोठ्या कंपन्यांच्या विक्रीतल्या २ टक्के गाड्या धूरमुक्त हव्यात. एका प्रदर्शनी गाडीने सरकारला 'हे जमतं' असं दाखवून दिलं होतं.

इम्पॅक्टचीच १९९६ला ईव्ही१ झाली. १,११७ गाड्या, फक्त भाडेकरारावर. मग नियम सैल झाला, गाड्या परत मागवल्या आणि बहुतेक चिरडल्या. लोक गाडी विकत घ्यायला तयार होते, रडत होते. मी पॉवर इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. दरवर्षी मुलांना ईव्ही१च्या इन्व्हर्टरबद्दल सांगताना शेवटच्या भागाशी माझा आवाज बदलतो.

जनरल मोटर्सची २००२ची ऑटोनॉमीही विसरू नका: हायड्रोजनपासून वीज बनवणारे सेल, विजेच्या मोटारी, सगळं सहा इंच जाडीच्या सपाट पाटात, वर हवी ती बॉडी. आजच्या विजेच्या गाड्यांत बॅटरीचा पाट खाली असतो, त्याला अजूनही 'स्केटबोर्ड' म्हणतात.

चाकोरीबाहेर

चिरडण्याचा विषय निघाला म्हणून. मोटोरामाच्या गाड्याही काम झालं की मोडायचे हुकूम असत. डेट्रॉइटजवळच्या वॉरहूप्स नावाच्या भंगारवखारीत अशा काही गाड्या आल्या, आणि मालकाने त्या पूर्ण मोडल्याच नाहीत, मागे लपवून ठेवल्या. तीस वर्षांनी, १९८०च्या दशकाच्या अखेरीस, शिकागोच्या जो बॉर्ट्झ या संग्राहकाने चार गाड्या तिथून विकत घेतल्या. १९५५ची शेव्हरोले बिस्केन तुकड्यांत कापलेली होती. तुकडे जुळवून ती पुन्हा उभी करायला वीस वर्षांच्या आसपास लागली. त्या भंगारवाल्याचे उपकार मी मानतो. त्याच्याकडे बघून 'हे लोखंड आहे' असं म्हणणं किती सोपं होतं.

कुर्ला_पश्चिम

आज माळ्यावरून वडिलांची पत्र्याची ट्रंक काढली. फोर्टच्या फुटपाथवर जुनी अमेरिकन मासिकं मिळायची, त्यातली पानं कापून त्यांनी जपली होती. एका पानावर चंदेरी गाडी आहे, दोन माणसांसाठी काचेचे दोन वेगळे घुमट, आणि पंख मोजले तर सात. नाव कापण्यात गेलंय. समासात वडिलांनी पेन्सिलीने लिहिलंय, 'स्टिअरिंग कुठे आहे?' ही कोणती गाडी?

चाकोरीबाहेर

काका, हीच ती तिसरी फायरबर्ड! १९५८ची. वडिलांची नजर पक्की होती. तिला स्टिअरिंगचं चाक नाहीच. दोन सीटांच्या मधे एक दांडा आहे, युनिकंट्रोल. पुढे ढकलला की वेग वाढतो, मागे ओढला की ब्रेक लागतो, डावी-उजवीकडे कलवला की गाडी वळते. दांडा आणि चाकं यांच्यामधे सांधा नव्हता, विजेचे संकेत जायचे. चाकं जाम होऊ न देणारे ब्रेकही तिच्यात होते. तिन्ही फायरबर्ड आजही कंपनीने जपून ठेवल्या आहेत.

मिशिगनकर

काका, तो दांडा मी पाहिलाय. काचेपलीकडून, पण अगदी जवळून. तुम्हाला त्याचा फोटो पाठवतो.

कुर्ला_पश्चिम

फोटो मिळाला, आभार. वडील १९९१ला गेले. त्यांच्या प्रश्नाखाली आज पेन्सिलीनेच उत्तर लिहिलं आणि पान परत ट्रंकेत ठेवलं.